हँडब्रेक चिकटला तर



मोटारीचा ब्रेक लागत नाहीं असें कळलें कीं आपल्या पोटांत गोळा येतो. ब्रेक सुटत नाहीं ही तक्रार मात्र आपण हंसण्यावारी नेतों. गाडी जरा जड चालते, पेट्रोल अंमळ जास्त लागतें, मागून कसलासा करपट वास येतो, एवढ्याच काय त्या खुणा. आणि त्यांकडे लक्ष द्यावयास कोणास सवड नसते. मीहि असाच दुर्लक्ष करणारा होतों. माझी उभी हयात मुलांस शिकविण्यांत गेली, यंत्रें दुरुस्त करण्यांत नव्हे. तरी एका घाटांत जो धडा मिळाला, त्यानंतर हें लहानसें यंत्र मीं नीट समजावून घेतलें. तेंच आज आपणांस सांगावयाचें आहे.

आमचा नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजीं धुळें जिल्ह्यांतून वेगळा झाला. मोटार हांकणाऱ्यास या जिल्ह्यांत दोन निराळे देश भेटतात. एक तापीकांठचा, काळ्या जमिनीचा, सपाट रस्त्यांचा, दुसरा सातपुड्याचा. तळोद्याहून धडगांवास जावयाचें तर चांदसैलीचा घाट, अक्कलकुव्याहून मोलगीस जावयाचें तर देवगोईचा घाट. आणि शहाद्याहून निघालें तर सुमारें ११५० मीटर उंचीवरील तोरणमाळापर्यंत वळणांमागून वळणें. सपाटीवर जो दोष नुसता खर्चाचा असतो, तोच या वळणांवर जिवाशीं येतो.

दोन वर्षांपूर्वींची गोष्ट. आमची लहान मोटार त्या वेळीं वीस वर्षांच्या घरांत आलेली होती. त्या पावसाळ्यांत ती अंगणांतल्या पत्र्याच्या पडवींत जवळजवळ चार महिने उभी होती. अंगणास थोडा उतार असल्यामुळें हँडब्रेक मीं स्वतःच करकचून ओढून ठेविला होता. दसरा झाल्यावर मुलगा, सून आणि सात वर्षांचा नातू घरीं आले, आणि तोरणमाळास जावयाचें ठरलें. गाडी सुरू केली, दांडा खालीं सोडला, समोरचा तांबडा दिवा विझला. पण गाडी हालेना. थोडा जोर दिल्यावर मागून 'कट्' असा आवाज झाला आणि ती चालूं लागली. आतां सुटली, असें म्हणून आम्ही निघालों.

अर्धा घाट चढेपर्यंत गाडीनें कुरकूर केली नाहीं असें नाहीं; पण चढ आहे, माणसें चार आहेत, असें आम्ही आमचें समाधान करीत होतों. मग वास येऊं लागला. मुलगा म्हणाला, "बाबा, क्लच जळत असेल." एका पाड्यापाशीं गाडी थांबविली. तेथला एक पावरा तरुण जवळ आला. त्यानें कांहीं विचारण्याआधीं रस्त्याकडेचा एक मोठा दगड उचलून चाकामागें लावला. मग तो चहूंकडून फिरला, मागच्या उजव्या चाकाजवळ थबकला, आणि हातांतल्या तांब्यांतले चार थेंब त्यानें चाकाच्या लोखंडावर शिंपडले. तव्यावर पडावे तसे ते चुरचुरले. दुसऱ्या चाकावर शिंपडले तेथें कांहींच झालें नाहीं. मीं पायाचा ब्रेक दाबून पाहिला, तों पेडल नेहमींपेक्षां पुष्कळ खोल गेलें. तें पाहून माझ्या अंगाचें पाणी झालें.

कारण असें कीं, पायाचा ब्रेक तेलाच्या दाबावर चालतो. डॉट ३ जातीचें ब्रेक-ऑइल नवें असतांना निदान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळूं नये असा दंडक आहे. पण तें हवेंतला ओलावा शोषून घेतें, आणि ओलावा मुरल्यावर हीच किमान मर्यादा १४० अंशांवर येते. चाक तापून तें उकळलें कीं नळींत वाफेचे बुडबुडे होतात. तेल दबत नाहीं, वाफ दबते. म्हणून पेडल पोकळ जातें. म्हणजे न सुटलेल्या हँडब्रेकनें लागणारा ब्रेकहि निकामी करावयास आरंभ केला होता, आणि घाट उतरावयाचा तर अजून बाकी होता.

सुनेस व नातवास आम्ही मागून आलेल्या एका जीपनें शहाद्यास परत पाठविलें. चाक पुरतें निवेपर्यंत थांबलों. निवाल्यावर पेडल पूर्ववत् घट्ट झालें, आणि गाडी पुढेंमागें थोडी हलवितां चाकहि बरेंच मोकळें झालें. मग मुलगा व मी पहिल्या गिअरमध्यें, वरचेवर थांबत आणि चाकाची उष्णता पाहत, खालीं आलों. तोरणमाळ त्या दिवशीं राहिलेंच.

दुसऱ्या दिवशीं गाडी एका गॅरेजांत नेली. तेथील मिस्त्रीनें दोन मिनिटांत तोड सांगितली. "गुरुजी, केबल काढूनच टाकतों. गाडी गिअरमध्यें उभी करीत जा. हँडब्रेक लागतोच कोणाला?" खरें सांगतों, मी 'हो' म्हणणार होतों. स्वस्त उपाय, आणि पुन्हां चिकटण्याची भीति नाहीं! पण मला त्या तरुणाचा दगड आठवला. तापलेलें चाक पाहण्याआधीं त्यानें गाडी घरंगळणार नाहीं याची तजवीज केली होती. घाटांत राहणाऱ्यास ठाऊक असतें कीं, न सुटणारी गाडी वाईट, पण न थांबणारी त्याहून वाईट. जुन्या लहान मोटारी बाळगणाऱ्या पुष्कळांनीं हीच तोड पत्करलेली मीं पाहिली आहे. तिला माझा विरोध आहे. पायाच्या ब्रेकचें तेल गळालें, तर हाताशीं उरतो तो हाच एक तारेवर चालणारा ब्रेक. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतहि पायाच्या ब्रेकखेरीज स्वतंत्र पार्किंग ब्रेक असावा असें सांगितलें आहे. आणि पंधरा वर्षांनंतर खाजगी गाडीची नोंदणी वाढवितांना गाडीची तपासणी व्हावयाची असते, हें निराळेंच. दोष चिकटण्याचा आहे, ब्रेकचा नाहीं. म्हणून उपाय चिकटण्यावर करावा.

त्यासाठीं हें यंत्र चालतें कसें तें आधीं पाहूं. १९८३ च्या डिसेंबरांत रस्त्यावर आलेली आणि २०१४ च्या आरंभीं जिचें उत्पादन थांबलें ती मारुती ८०० घ्या, किंवा तिच्या आधीची प्रीमियर पद्मिनी घ्या. अशा गाड्यांच्या मागच्या चाकांत ड्रमचे ब्रेक असतात. ड्रम म्हणजे चाकाबरोबर फिरणारें एक उथळ लोखंडी भांडें. त्याच्या आंत चंद्रकोरीसारखे दोन शू समोरासमोर बसविलेले असतात. शूवर जें घांसणारें अस्तर असतें त्यास गॅरेजांत लायनर म्हणतात. दोन्ही शू स्प्रिंगांनीं आंत ओढून धरलेले असतात. आपण दांडा वर ओढला कीं केबल खेंचली जाते. केबल ड्रममधल्या एका तरफेस ओढते. ती तरफ दोन्ही शू फांकविते, आणि लायनर ड्रमला आंतून घट्ट भिडतो. ही केबल म्हणजे नळीसारख्या वेष्टणांतून सरकणारी पोलादी तार. अर्नेस्ट बाउडन यानें १८९६ च्या सुमारास जिचें पेटंट घेतलें, तीच ही युक्ति. सायकलच्या ब्रेकची तार याच जातीची.

आतां यांतली मेख पाहा. ब्रेक लावतांना आपल्या हाताचा जोर असतो, आणि दांडा व तरफ मिळून तो कित्येक पटींनीं वाढवितात. ब्रेक सोडतांना मात्र आपला हात कांहींच करीत नाहीं. दांडा खालीं केला म्हणजे आपण केवळ ओढणें थांबवितों. तार मागें नेण्याचें आणि शू आंत घेण्याचें काम त्या बिचाऱ्या स्प्रिंगांस करावें लागतें, आणि त्यांचा जोर बेताचा असतो. गंज चढला, चिखल बसला, तर हाताचा जोर त्यावर मात करतो. स्प्रिंगांचा जोर हरतो. म्हणून असा ब्रेक लागतो बिनबोभाट, अडतो तो सुटतांना. आणि समोरचा तांबडा दिवा? त्याचें बटण दांड्यापाशीं असतें, चाकापाशीं नव्हे. तो विझला याचा अर्थ दांडा खालीं गेला, एवढाच. चाक सुटलें कीं नाहीं, हें त्या दिव्यास ठाऊक नसतें. आम्ही त्या दिवशीं त्याच्यावर विसंबलों, हीच आमची चूक.

दोष शोधण्यास लागण्यापूर्वीं एक पथ्य. हँडब्रेक सैल करून काम करावयाचें आहे, म्हणजे गाडी धरून ठेवणारें दुसरें कांहीं हवेंच. जागा सपाट व टणक असावी. पुढच्या चाकांस दोन्ही अंगांनीं उटी, म्हणजे दगड किंवा लांकडी ठोकळे लावावे. मागचें चाक जॅकवर उचलल्यावर गाडीखालीं भक्कम आधार द्यावा. नुसत्या जॅकवर तोललेल्या गाडीखालीं कधींहि शिरूं नये. आणि चाक तापलेलें असेल तर निवूं द्यावें.

मग गिअर मोकळा ठेवून मागचीं चाकें एकेक करून हातानें फिरवून पाहावीं. लायनर किंचित् घांसल्याचा बारीक आवाज आला तर चालेल. चाक अडतां कामा नये. दोन्ही चाकें जड फिरत असतील, तर दोष बहुधा दांड्यापाशीं किंवा केबल फाजील ताणल्यांत असतो. एकच चाक जड असेल, तर दोष त्या बाजूच्या केबलींत किंवा ड्रममध्यें. आतां केबल ताणणारा नट पुरता सैल करावा. चाक मोकळें झालें, तर ड्रम निर्दोष आहे. ताण चुकला होता. तरीहि अडत असेल, तर दुसऱ्या माणसास दांडा सावकाश वरखालीं करावयास सांगून चाकामागें तारेकडे लक्ष ठेवावें. तार ओढतांना पुढें येते पण सोडतांना तेथेंच राहते किंवा रेंगाळत मागें जाते असें दिसलें, तर गंज केबलीच्या वेष्टणांत शिरला आहे असें समजावें. तार सैल पडली असूनहि चाक जाम असेल, तर ड्रम उघडल्यावांचून गत्यंतर नाहीं.

आमच्या गाडीची केबलच गंजली होती. वेष्टण एके ठिकाणीं चिरलें होतें, आणि तेथून पाणी आंत गेलें होतें. अशा केबलींत तेल सोडून ती हलवीत बसल्यास कांहीं दिवस काम चालतें. पण आंतल्या तारेचे पदर कुजलेले असतात, आणि तेल आटलें कीं मूळपद येतें. गंजलेली केबल बदलावी. नवी घालतांना तिचा मार्ग जुनीसारखाच ठेवावा. तिला तीव्र वांक देऊं नये, आणि धुराच्या नळीस ती टेकूं देऊं नये.

ड्रमच्या आंतले दोष तीन प्रकारचे. पहिला, गाडी ओलींत दीर्घकाळ उभी राहिल्यामुळें लायनर आणि ड्रम गंजानें एकमेकांस चिकटणें. आम्हीं ऐकलेला 'कट्' आवाज त्याचाच. अशा वेळीं इंजिनाच्या जोरावर गाडी रेटूं नये. लायनर शूपासून उखडून निघण्याचा संभव असतो. चाक काढून ड्रमच्या कडेवर लांकडी हातोड्यानें चहूंकडून हलके ठोके द्यावे. बहुधा तेवढ्यानें गंज सुटतो. त्या फटींत रॉकेल किंवा तेल मात्र ओतूं नये. ब्रेक सुटेल खरा, पण तेलकट लायनर पुन्हां धरणार नाहीं. दुसरा दोष, तरफेची खीळ गंजून तरफ मागें न येणें. तिसरा, स्प्रिंग तुटणें किंवा ताणून सैल होणें. याखेरीज पायाच्या ब्रेकचा सिलिंडर गळत किंवा अडकत असेल, तर तें काम जाणत्या मिस्त्रीकडेच सोपवावें. ज्या गाड्यांत ड्रम काढतांना चाकाच्या बेअरिंगाचा नट सोडावा लागतो, तेथेंहि हाच सल्ला.

ड्रम निघाल्यावर आंतली काळी भुकटी फुंकूं नये, ब्रशानें झटकूं नये, हवेच्या नळीनें उडवूं नये. जुन्या लायनरांत ॲस्बेस्टॉस असूं शकतें, आणि त्याचे तंतु फुप्फुसांत गेले म्हणजे वर्षांनुवर्षांनीं दुर्धर रोग उद्भवतात. तोंडावर योग्य मास्क बांधून भुकटी पाण्यानें भिजवावी, ओल्या फडक्यानें टिपावी आणि तें फडकें पिशवींत बांधून टाकून द्यावें. एका वेळीं एकच बाजू उघडावी. म्हणजे स्प्रिंग कोठें अडकवावयाची याचा घोटाळा झाला तर दुसरी बाजू पाहतां येते. हल्लीं मोबाईलवर आधीं छायाचित्र काढून ठेवण्याची सोय आहे, तिचाहि लाभ घ्यावा. गंज काचकागदानें काढावा. शू जेथें मागच्या पत्र्यावर घांसतात तेथें, आणि तरफेच्या खिळीवर, उष्णता सोसणाऱ्या ग्रीसचा अगदीं पातळ हात फिरवावा. लायनरवर किंवा ड्रमच्या आंतल्या अंगास ग्रीसचें बोटहि लागतां कामा नये. शू बदलावयाचे झाल्यास दोन्ही चाकांचे बदलावे. एक नवा व एक जुना असला तर गाडी एका बाजूस ओढते.

सर्व जुळविल्यावर ताण देण्याचा क्रम आहे, आणि येथें पुष्कळ चुका होतात. लायनर झिजला कीं दांडा अधिकाधिक वर येतो. तो वर येतो म्हणून आपण केबल ताणतों. वास्तविक आधीं शू आणि ड्रम यांतलें अंतर ठीक करावयाचें, आणि केबल अगदीं शेवटीं. केबल आधींच ताणली तर आंतली तरफ आपल्या विसाव्याच्या जागीं परत जात नाहीं; शू अर्धवट फांकलेले राहतात, आणि ज्या गाड्यांत अंतर आपोआप जुळविण्याची योजना असते तेथें ती योजनाहि बिघडते. मग दांडा बेतानें वर येतो, मालक खूष होतो, आणि चाक तापत राहतें. दांड्याचे किती दांत वाजावे हें गाडीच्या पुस्तिकेंत दिलेलें असतें. तोच आंकडा प्रमाण मानावा.

काम झालें कीं नाहीं याची परीक्षा दुहेरी करावी. आपण सारे 'धरतो का' एवढेंच पाहतों. 'सुटतो का' हें पाहत नाहीं. बेताच्या चढावर, मागेंपुढें कोणी नाहीं असें पाहून, गाडी नुसत्या हँडब्रेकवर उभी राहते का, ही पहिली परीक्षा. मग सपाट रस्त्यावर चारपांच किलोमीटर, शक्य तों ब्रेक न दाबतां, जाऊन यावें, आणि मागच्या दोन्ही चाकांजवळ हाताची मागली बाजू न टेकवितां धरावी. दोहोंकडे ऊब सारखी असावी. एक चाक दुसऱ्याहून स्पष्ट गरम लागलें, तर काम अपुरें आहे. या परीक्षेस एक छदामहि खर्च होत नाहीं.

आतां चिकटूंच नये म्हणून काय करावें? पावसाळ्यांत आमच्याकडे ओढ्यानाल्यांवरच्या फरशांवरून पाणी वाहतें, आणि काळ्या मातीचा चिखल चाकाच्या आंतल्या अंगास थापला जातो. अशा प्रवासानंतर, किंवा गाडी धुतल्यावर, ती लगेच उभी करूं नये. थोडें अंतर चालवून पायाचा ब्रेक हलकेच दाबीत ड्रम कोरडे करावे. गाडी पुष्कळ दिवस उभी राहावयाची असेल तर सपाट जागा पाहावी, चाकांस दोन्हीकडून उटी लावावी, गिअर घालावा, आणि हँडब्रेक सैल सोडावा. उतारावर थोडा वेळ उभी करतांना मात्र हँडब्रेक अवश्य लावावा. गाडीचें तोंड चढाकडे असल्यास पहिला गिअर आणि उताराकडे असल्यास रिव्हर्स गिअर त्याच्या जोडीस असावा. चिकटेल या भीतीनें हँडब्रेक वापरणेंच सोडावें, असा याचा अर्थ करूं नये. न वापरलेली तार वापरलेल्या तारेपेक्षां लवकर गंजते.

त्यानंतरच्या हिंवाळ्यांत आम्ही पुन्हां तोरणमाळास गेलों. त्याच पाड्यापाशीं मीं मुद्दाम गाडी थांबविली. तो तरुण त्या दिवशीं तेथें नव्हता. कामास गेला होता. नातवानें मागचीं दोन्ही चाकें हात धरून पाहिलीं आणि मोठ्या गंभीरपणें सांगितलें, "आजोबा, सारखीं आहेत." मग आम्ही वर गेलों, यशवंत तलावाच्या कांठीं फिरलों, आणि दिवस मावळण्याच्या आंत सुखरूप खालीं आलों. गाडींत आतां दोन लांकडी उटी नेहमीं असतात. आपणहि आज घरीं जी जुनी गाडी उभी असेल तिचा दांडा एकदां खालीं करून, चाक खरोखर सुटतें कीं नाहीं, तें हातानें पाहावें, एवढीच विनंति करून मी आपली रजा घेतों.